गुळात शेंगदाणे, प्लास्टिकमध्ये स्फटिक : मिक्स्ड मॅट्रिक्स मेम्ब्रेनची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे. कंसातले आकडे म्हणजे ऑडिओमधली वेळ.)

[००:००] डब्याखालचा ५ आकडा

आजचा भाग ऐकताना एक छोटं काम करा. घरी असाल तर किचनमधला एखादा प्लास्टिकचा डबा रिकामा करून उलटा धरा. तळाशी बाणांचा एक त्रिकोण दिसेल. त्यात ५ आकडा असेल तर तो डबा पॉलिप्रॉपिलीनचा. बाटलीचं झाकण, सिमेंटची विणलेली गोणी, कोविडच्या काळात नाकावर बांधलेला तीन पदरी मास्क, हे सगळं बहुतेक त्याच घराण्यातलं.

पॉलिप्रॉपिलीन बनतं प्रॉपिलीन नावाच्या वायूपासून. तो वायू निसर्गात नुसता भरून घेता येत नाही. रिफायनरीत जड तेल गरम कॅटॅलिस्टवर फोडतात, किंवा क्रॅकरच्या भट्टीत नाफ्थासारखा कच्चा माल तोडतात, तेव्हा तो बाहेर पडतो. पण एकटा कधीच येत नाही. बरोबर प्रोपेन येतो. हो, तोच प्रोपेन, जो ब्यूटेनबरोबर आपल्या गॅस सिलिंडरमध्ये असतो.

आजचा प्रश्न एवढाच आहे की या दोघांना वेगळं कसं करायचं? ऐकायला किरकोळ वाटतं. पण २०१६ साली 'नेचर'मध्ये डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या दोन केमिकल इंजिनिअर्सनी जग बदलू शकतील अशा सात विलगीकरणांची यादी दिली, त्यात हे एक होतं. प्रॉपिलीन-प्रोपेन आणि त्याचं धाकटं भावंड इथिलीन-इथेन, या जोड्या फोडायला जगाच्या एकूण ऊर्जेतली ०.३ टक्के ऊर्जा लागते, असा त्यांचा अंदाज होता. साधारण सिंगापूर देश वर्षभर वापरतो तेवढी! त्यात नवीन काही बनत नाही, फक्त निवडानिवड होते.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. केमिकलचा नाही. पण ही गोष्ट वाचायला लागलो तेव्हा कळलं की यात इंजिनिअरिंगचा एक असा पेच आहे, जो कुठल्याही ब्रँचच्या माणसाला ओळखीचा वाटेल. चला, सुरू करू.

[०२:२०] दोन भावंडं, फरक दोन हायड्रोजनचा

प्रोपेनच्या रेणूत तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन. प्रॉपिलीनच्या रेणूत तीन कार्बन आणि सहा हायड्रोजन. बस, एवढाच फरक. दोन हायड्रोजन कमी असल्यामुळे प्रॉपिलीनमध्ये दोन कार्बनच्या मध्ये दुहेरी बंध असतो. तो दुहेरी बंध उघडून एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडत गेलं की पॉलिप्रॉपिलीन तयार होतं. प्रोपेनकडे हा बंधच नाही, म्हणून त्याची साखळी होत नाही.

म्हणजे एक डबा बनवण्याच्या लायकीचा, दुसरा मुख्यतः जाळण्याच्या. आणि दोघे एकमेकांत मिसळलेले. पॉलिप्रॉपिलीन बनवायला प्रॉपिलीन किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. त्यामुळे 'थोडंफार वेगळं केलं' म्हणून भागत नाही.

आता वेगळं करायची जुनी, खात्रीची पद्धत म्हणजे ऊर्ध्वपातन. शाळेत शिकलो तेच डिस्टिलेशन. ज्याचा उत्कलनबिंदू कमी तो आधी उकळतो, त्याची वाफ वर जाते, दुसरा खाली राहतो. पाणी आणि मीठ वेगळं करायला हे सोपं आहे. इथे गंमत बघा. प्रॉपिलीन उणे ४७.६ अंशाला उकळतं आणि प्रोपेन उणे ४२.१ अंशाला. फरक साडेपाच अंशांचा!

[०४:१५] शंभर मीटरचा मनोरा कशासाठी?

साडेपाच अंशांच्या फरकावर एका फटक्यात काहीच होत नाही. एकदा उकळवलं की वाफेत प्रॉपिलीन किंचित जास्त येतं, एवढंच. ती वाफ थंड करायची, परत उकळवायची, परत किंचित जास्त. असं शेकडो वेळा. म्हणून टॉवर उभारतात. आत एकावर एक ट्रे. प्रत्येक ट्रेवर खालून वाफ येते, वरून द्रव येतो, दोघांची देवाणघेवाण होते आणि प्रॉपिलीन एक पायरी वर सरकतं. अशा टॉवरमध्ये दीडशे-दोनशे ट्रे असणं अगदी सामान्य आहे. हायड्रोकार्बन वेगळे करणारे काही मनोरे शंभर मीटरपर्यंत उंच असतात. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा.

उंची तरी एकदाच बांधायची असते. खरा खर्च रोजचा आहे. वर पोचलेली वाफ थंड करून द्रव केला की त्यातला बहुतेक भाग परत टॉवरमध्ये खाली सोडावा लागतो, नाहीतर ट्रेवर देवाणघेवाण होणार कुणाशी? प्रॉपिलीनच्या टॉवरमध्ये एक टन माल बाहेर काढायचा तर साधारण दहा ते वीस टन परत फिरवावा लागतो. तो प्रत्येक टन पुन्हा उकळवायचा, पुन्हा थंड करायचा. उष्णता खालून द्यायची आणि वरून काढून घ्यायची, चोवीस तास, वर्षभर.

जगात इथिलीन आणि प्रॉपिलीन मिळून वर्षाला वीस कोटी टनांहून जास्त बनतं. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ३० किलो. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याला क्रॅकर आहे, पूर्वी आयपीसीएलचा होता, आता रिलायन्सचा. तिथल्यासारखे उंच मनोरे जगभर हेच काम करत उभे आहेत. लहान रिफायनरीला तर हा टॉवर परवडतच नाही. मग चांगलं प्रॉपिलीन एलपीजीबरोबर जाळलं जातं. ज्याचा डबा झाला असता त्याचा चहा उकळतो!

[०६:३०] उकळण्यापेक्षा चाळलं तर?

इथे कुणीही म्हणेल की अरे, उकळताय कशाला, चाळून घ्या ना! पीठ आणि कोंडा वेगळा करायला आपण पीठ उकळवतो का? चाळणी लावतो. मेम्ब्रेन म्हणजे तीच चाळणी, रेणूंसाठी. एका बाजूला दाबाखाली मिश्रण, दुसऱ्या बाजूला कमी दाब, मध्ये एक पातळ पापुद्रा. जो वायू लवकर पार होतो तो पलीकडे गोळा होतो.

सगळ्यात स्वस्त पापुद्रा पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकचाच. पण प्लास्टिकला भोकं असतात का? नाही. तरी वायू आरपार जातो. फुगा दोन-तीन दिवसांत आपोआप मऊ पडतो ना, गाठ घट्ट असूनसुद्धा? १८६६ साली स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी याचं उत्तर दिलं. वायू आधी रबरात विरघळतो, मग आतून सरकत जातो, मग पलीकडे बाहेर पडतो. पॉलिमरच्या लांब साखळ्या सतत हलत असतात. त्यांच्यात क्षणभर फट पडते, रेणू त्या फटीत उडी मारतो, फट बुजते. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये दरवाजाकडे सरकताना आपण करतो तेच. जागा दिसली की अर्धं पाऊल.

आता कुठल्याही मेम्ब्रेनचे दोन गुण मोजतात. एक, किती वायू सोडतो. याला पर्मिएबिलिटी म्हणतात, आपण 'पाझर' म्हणू. दुसरा, दोन वायूंमधून हवा तो किती पटीने जास्त सोडतो. याला सिलेक्टिव्हिटी म्हणतात, आपण 'निवड' म्हणू.

आणि इथेच पेच आहे. पाझर वाढवला की निवड घसरते. निवड वाढवली की पाझर आटतो. स्पॅम फिल्टरसारखं. फिल्टर कडक केला तर स्पॅम थांबतं, पण त्याबरोबर नोकरीचा मेलही अडकतो. ढिला केला तर सगळंच आत येतं. लॉइड रॉब्सन या शास्त्रज्ञाने १९९१ साली शेकडो पॉलिमरची आकडेवारी एका आलेखावर मांडली आणि दाखवलं की एक तिरकी रेषा आहे, तिच्या पलीकडे साधे पॉलिमर जातच नाहीत. २००८ मध्ये त्याने ती रेषा नव्या आकड्यांनिशी परत काढली. रेषा थोडी सरकली होती, पण मोडली नव्हती.

कारण साधं आहे. पॉलिमरमधल्या फटी एका मापाच्या नसतात. काही मोठ्या, काही लहान, आणि सतत बदलणाऱ्या. अशी चाळणी दोन भावंडांत फरक करणार कसा?

[०९:१०] एका मापाची चाळणी : झिफ-८

मग एका मापाची भोकं असलेलं काही मिळेल का? मिळतं. स्फटिक. स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोक हुबेहूब सारखं. झिओलाइट नावाची खनिजं या कामाला जुनी आहेत. त्यानंतर आले मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे 'मॉफ'. धातूचे अणू सांध्यांसारखे, आणि सेंद्रिय रेणू त्यांना जोडणाऱ्या दांड्यांसारखे. बांधकामाच्या बांबूच्या परातीसारखी पोकळ रचना. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळालं.

या घराण्यातला आपला हिरो आहे झिफ-८. त्यात धातू म्हणजे जस्त, आणि दांडी म्हणजे मिथाइलइमिडॅझोल नावाचा छोटा कड्यासारखा रेणू. बनवायला फार अवघड नाही. जस्ताचा क्षार आणि हा रेणू, दोन्ही मिथेनॉलमध्ये विरघळवून एकत्र ओतले की खोलीच्या तापमानालाच द्रावण दुधाळ होतं. ते दुधाळपण म्हणजे झिफ-८ चे सूक्ष्म स्फटिक.

आता मापं बघू. अँगस्ट्रॉम हे एकक आहे, एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रॉपिलीनच्या रेणूची अरुंद बाजू साधारण ४ अँगस्ट्रॉम. प्रोपेनची साधारण ४.२. आणि झिफ-८ च्या खिडकीचं एक्स-रेने मोजलेलं माप? ३.४ अँगस्ट्रॉम!

म्हणजे कागदावर दोघेही आत जायला नकोत. पण प्रत्यक्षात प्रॉपिलीन जातं. कारण खिडकीच्या कडेला असलेले ते सेंद्रिय कडे स्थिर नसतात, झुलतात. झुलत्या दाराच्या फटीतून बारीक माणूस अंग चोरून निघतो, थोडा जाड अडकतो, तसं. खिडकीचं प्रत्यक्षातलं माप ४ ते ४.२ च्या आसपास पडतं, म्हणजे नेमकं दोघांच्या मधलं. परिणाम असा की झिफ-८ च्या आत प्रॉपिलीन प्रोपेनपेक्षा शंभर पटीहून जास्त वेगाने सरकतं.

इथे आपल्या कोडवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट. आज शास्त्रज्ञांकडे लाखभर मॉफ रचनांचे डेटाबेस आहेत, आणि कॉम्प्युटरवर त्यातून उमेदवार निवडतात. समजा कुणी एका ओळीचा फिल्टर लिहिला की खिडकी ४ अँगस्ट्रॉमपेक्षा लहान असेल तर काढून टाक. झिफ-८ पहिल्याच फेरीत बाद! कोड बरोबर चालला असता, उत्तर चुकलं असतं. म्हणून या क्षेत्रात खिडकी हलते हे धरून सिम्युलेशन करावं लागतं, आणि ते महाग पडतं.

[१२:००] मग नुसता झिफ-८ च का नाही वापरत?

रास्त प्रश्न. नुसत्या झिफ-८ ची सलग फरशी घातली तर निवड उत्तम मिळते, आणि प्रयोगशाळेत अशा मेम्ब्रेन बनल्याही आहेत. अडचण अशी की स्फटिक ठिसूळ असतो. काही चौरस सेंटिमीटरचा तुकडा जपून करता येतो. कारखान्याला हजारो चौरस मीटर लागतात. त्यात एखादी केसाएवढी भेग पडली की वायू तिथूनच पळणार. चाळणीला एक मोठं भोक पडलं की बाकीची बारीक जाळी काय कामाची?

म्हणजे हिशेब असा झाला. पॉलिमर स्वस्त, लवचिक, मैलभर ताणता येतो, पण निवडीत कच्चा. स्फटिक निवडीत पक्का, पण ठिसूळ आणि महाग.

आता लोणावळ्याची चिक्की आठवा. नुसता गूळ वडी म्हणून फार खाववत नाही, नुसते शेंगदाणे हातात वडीसारखे धरता येत नाहीत. गुळाच्या पाकात दाणे घातले की एक सलग वडी होते, जिला गुळाचा बांधेपणा असतो आणि दाण्याची चव. मिक्स्ड मॅट्रिक्स मेम्ब्रेन म्हणजे हीच चिक्की. पॉलिमर हा पाक, झिफ-८ चे स्फटिक हे दाणे. फरक एवढाच की इथले दाणे आतून पोकळ आहेत आणि वायू त्यांच्या आतूनच जावा अशी आपली इच्छा आहे.

या विषयात पाझर मोजायचं एककही मजेशीर आहे. त्याला बॅरर म्हणतात, रिचर्ड बॅरर या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून. या माणसाने पॉलिमरमधून वायू कसे जातात यावर मूलभूत काम केलं, आणि प्रयोगशाळेत झिओलाइट बनवण्यातही तो अग्रणी होता. म्हणजे पाक आणि दाणे, दोन्हीकडे एकच माणूस!

२०१२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये विल्यम कोरोस यांच्या गटाने ६एफडीए-डॅम नावाच्या पॉलिमरमध्ये वजनाने ४८ टक्के झिफ-८ मिसळलं. जवळजवळ अर्धे दाणे! निकाल असा आला : प्रॉपिलीनचा पाझर ५६.२ बॅरर, निवड ३१. नुसत्या पॉलिमरपेक्षा पाझर २५८ टक्क्यांनी जास्त आणि निवड १५० टक्क्यांनी जास्त. म्हणजे पाझर साडेतीन पटीच्या वर आणि निवड अडीच पट, दोन्ही एकाच वेळी. रॉब्सनच्या त्या तिरक्या रेषेचा नियम आठवा, एक वाढलं की दुसरं घसरतं. इथे दोन्ही वाढले. म्हणून या निकालाची एवढी चर्चा झाली.

[१४:४०] चिक्की कुठे बिघडते?

आता खरी गोष्ट. मिसळायची कल्पना नवी नाही. झिओलाइट मिसळलेल्या मेम्ब्रेन १९७० च्या दशकापासून करून बघितल्या जात होत्या. मग एवढी वर्षं का लागली? कारण सगळं यश पाक आणि दाणा जिथे भेटतात त्या सीमेवर ठरतं. तिथे तीन प्रकारे बिघाड होतो.

पहिला, पाक दाण्याला चिकटतच नाही. झिओलाइट हा दगडासारखा अजैविक, पॉलिमर सेंद्रिय. दोघांचं पटत नाही. मेम्ब्रेन सुकताना पॉलिमर आकसतो आणि दाण्याभोवती पोकळी राहते. पिंजऱ्यात ठेवलेली चाळणी. वायूला काय, सोपा रस्ता हवा असतो. तो दाण्याच्या आतून जाण्याऐवजी बाजूच्या पोकळीतून वळसा घालून निघून जातो. पाझर वाढलेला दिसतो, निवड मात्र पडते.

दुसरा, उलटा बिघाड. पाक दाण्याला इतका घट्ट चिकटतो की तिथल्या पॉलिमरच्या साखळ्या आखडतात. हालचाल थांबली की फटी पडत नाहीत, पाझर घटतो.

तिसरा, पाक दाण्याच्या भोकांत शिरून बसतो. चाळणी आहे, पण भोकं बुजलेली.

झिफ-८ इथे का जिंकला? त्याच्या दांड्या स्वतःच सेंद्रिय आहेत, त्यामुळे पॉलिमरशी त्याचं मुळातच जमतं. आणि त्याच्या खिडक्या इतक्या लहान की पॉलिमरची जाड साखळी आत शिरूच शकत नाही.

पण चिकटणं पुरेसं नाही, जोडीही जुळावी लागते. १८७३ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे कण पसरले तर वीज कशी वाहील याचं सूत्र दिलं होतं. तेच सूत्र आज मेम्ब्रेनवाले वापरतात. त्यातून कळतं ते असं. पॉलिमर फारच पाझरणारा असेल तर वायू दाण्याला टाळून पॉलिमरमधूनच निघून जातो, दाण्याची निवड वाया. पॉलिमर फारच घट्ट असेल तर वायू दाण्यापर्यंत पोचायलाच इतका वेळ लावतो की दाणा कितीही चांगला असला तरी फरक पडत नाही. एक सर्व्हिस सुपरफास्ट आणि तिच्या आधीची मंद असेल तर पूर्ण सिस्टिम मंदच राहते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून उत्तम पॉलिमर अधिक उत्तम स्फटिक बरोबर उत्तम मेम्ब्रेन, हे गणित इथे चालत नाही. एकमेकांना साजेशी जोडी लागते.

[१७:१०] प्रयोगशाळा ते कारखाना

तुम्ही म्हणाल, २०१२ ला निकाल आला, मग मनोरे पाडले का नाहीत अजून? चार कारणं सांगतो.

एक, शुद्धता. निवड ३१ म्हणजे काय? अर्धं-अर्धं मिश्रण दिलं आणि परिस्थिती अगदी आदर्श धरली, तर पलीकडे ३२ भागांत ३१ भाग प्रॉपिलीन येणार. म्हणजे सुमारे ९७ टक्के. आपल्याला हवं ९९.५. एका फेरीत होत नाही. म्हणून व्यवहार्य कल्पना अशी की मेम्ब्रेनने मोठा भार उचलायचा आणि टॉवरने शेवटचा हात फिरवायचा. टॉवर पाडायचा नाही, त्याचं ओझं कमी करायचं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे.

दोन, जाडी. प्रयोगशाळेतली फिल्म अनेकदा काही दशक मायक्रॉन जाड असते. कारखान्यात भरपूर वायू पार व्हायचा तर निवड करणारा थर एक मायक्रॉनच्या आत हवा. आता पापडाच्या जाडीत अख्खा शेंगदाणा मावेल का? म्हणून स्फटिक शंभर-दीडशे नॅनोमीटरचे लागतात. आणि एवढे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. बेसन पाण्यात घालताना गुठळ्या होतात तसे. शिवाय सपाट फिल्म चालत नाही. केसासारख्या बारीक पोकळ नळ्या ओढाव्या लागतात, ज्यांचे हजारोंनी जुडगे एका नळकांड्यात बसतात. कोरोस यांच्या गटाने २०१४ मध्ये झिफ-८ च्या अशा पोकळ नळ्याही करून दाखवल्या. तिथे अडचण मिसळण्याची राहत नाही, कताईची होते.

तीन, फुगणं. प्रॉपिलीन दाबाखाली असलं की पॉलिमरमध्ये भरपूर विरघळतं आणि पॉलिमर फुगतो, सैल पडतो. सैल पडला की प्रोपेनही सुटतो. फक्त एक-एक वायू सोडून घेतलेला आकडा आणि खऱ्या मिश्रणावर, खऱ्या दाबाला घेतलेला आकडा यांत म्हणूनच फरक पडतो.

चार, म्हातारपण. असे कडक पॉलिमर काळानुसार आतून दाटत जातात आणि पाझर हळूहळू घटतो. त्यात रिफायनरीच्या वायूत गंधकाची संयुगं आणि जड हायड्रोकार्बन असतात, ती वेगळीच. टॉवर दशकानुदशकं चालतो. मेम्ब्रेनला निदान काही वर्षं तरी टिकून दाखवावं लागेल.

[१९:५०] मग हे सगळं नुसतं कागदावरच का?

नाही हो! हायड्रोकार्बन आणि मेम्ब्रेन ही जोडी कारखान्यात आधीच कामाला लागली आहे, फक्त सोप्या जागी. पॉलिप्रॉपिलीन बनल्यावर दाण्यांत अडकलेलं प्रॉपिलीन काढायला नायट्रोजन फुंकतात. पूर्वी ते मिश्रण बरेचदा फ्लेअरला जायचं. १९९० च्या दशकापासून अनेक कारखाने सिलिकॉन रबरासारख्या मेम्ब्रेनने त्यातलं प्रॉपिलीन परत मिळवतात. गंमत म्हणजे तिथे मोठा रेणू लवकर पार होतो आणि छोटा नायट्रोजन मागे राहतो! कारण रबरात प्रॉपिलीन कितीतरी जास्त विरघळतं. ग्रॅहमचं ते 'आधी विरघळतो, मग सरकतो' आठवा. तिथे विरघळणं जिंकतं. प्रॉपिलीन-प्रोपेनमध्ये दोघेही जवळजवळ सारखेच विरघळतात, म्हणून सगळी लढाई सरकण्यावर येते, आणि म्हणून चाळणी लागते.

आपल्याकडेही यावर काम आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, पॉलिबेन्झइमिडॅझोल नावाच्या पॉलिमरच्या पोकळ नळीवर झिफ-८ वाढवून वायू वेगळे करण्याचे प्रयोग झाले आहेत. तिथे मिसळण्याऐवजी नळीच्या पृष्ठभागावरच थर वाढवला. रस्ता वेगळा असला तरी जोडी तीच, पॉलिमर आणि स्फटिक.

[२१:३०] 'क्रांतिकारी मेम्ब्रेन'ची बातमी आली तर

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. दर थोड्या दिवसांनी फोनवर बातमी झळकते की नव्या मेम्ब्रेनमुळे प्लास्टिक उद्योगाची ऊर्जा एवढे टक्के वाचणार. फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा.

आकडा एकेका शुद्ध वायूवर घेतलाय की मिश्रणावर? दाब किती होता, दोन बार की कारखान्यात असतो तसा? निवड करणारा थर किती पातळ होता आणि तुकडा केवढा, नाण्याएवढा की नळ्यांचं जुडगं? आणि चाचणी किती दिवस चालली, एक दुपार की काही महिने?

चारही उत्तरं चांगली असतील तर बिनधास्त टाळ्या वाजवा. एकच असेल तरी काम वाईट आहे असं नाही. ती एक पायरी आहे, पण जिना अजून बाकी आहे. आपल्या क्षेत्रातही लॅपटॉपवर चाललेला डेमो आणि लाखो लोक वापरतात ती सिस्टिम यांत किती अंतर असतं, ते आपण रोज बघतो. इथेही तेवढंच अंतर आहे. फक्त इथे बग सापडायला महिने लागतात आणि रिस्टार्टचं बटण नसतं.

आणि कुणी बारावीत असेल, किंवा केमिकलला ॲडमिशन घेऊन 'आयटी बरं होतं' असा विचार करत असेल, तर एवढंच सांगतो. जगातली एवढी ऊर्जा जिथे नुसत्या निवडानिवडीवर जाते, तिथे ०.२ अँगस्ट्रॉमचा फरक पकडता येणारा माणूस लागतोच. त्याला रसायनशास्त्रही लागतं, कोडही लागतं, आणि नळी न तुटता ओढता येणारा हातही लागतो. ही तिन्ही कामं एका माणसात क्वचितच सापडतात, म्हणून इथेही साजेशा जोड्याच लागतात.

पुढच्या भागात मेम्ब्रेनचाच सगळ्यात घरगुती प्रकार घेऊ, म्हणजे किचनमधला आरओ फिल्टर, आणि तो एवढं पाणी वाया का घालवतो ते बघू. तोपर्यंत ऐकत राहा, प्रश्न विचारत राहा. भेटू!